चार दिवस उघडा राहिलेला व्हॉल्व्ह: भाड्याच्या आरव्हीतील तुंबलेल्या ब्लॅक टँकचे प्रकरण

लास वेगासहून भाड्याने घेतलेली ३० फुटी क्लास सी मोटरहोम, म्हणजे आत स्वयंपाकघर आणि टॉयलेट असलेली राहण्याची गाडी (आरव्ही), सोबत एक एसयूव्ही. माणसे सहा: नवरा-बायको, दोन मुले आणि पुण्याहून आलेले आजी-आजोबा. जूनमधला प्रवास. आधी युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या वॉचमन कॅम्पग्राउंडवर दोन रात्री, मग अॅरिझोनातल्या पेज गावाजवळ एका खासगी कॅम्पग्राउंडवर चार रात्री, आणि शेवटी ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवरचे ट्रेलर व्हिलेज. ट्रेलर व्हिलेजला पोहोचल्या संध्याकाळीच टॉयलेटमधले पाणी खाली जाईना. पेडल दाबले की भांड्याच्या तळाचे झाकण उघडत होते, पण पाणी तिथेच थांबायचे आणि मग अगदी संथपणे झिरपायचे.

गाडी हाती देताना भाड्याने देणाऱ्यांनी दहा मिनिटांत सगळे समजावले होते. त्यात मैला साठवणाऱ्या ब्लॅक टँकचा काळा व्हॉल्व्ह कुठला आणि आंघोळीचे-भांड्यांचे पाणी साठवणाऱ्या ग्रे टँकचा करडा कुठला एवढे आले, पण काळा व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे आले नाही. पेजला सांडपाण्याची जोडणी मिळाली, म्हणून पाइप लावून दोन्ही व्हॉल्व्ह उघडे सोडले ते चारही दिवस तसेच राहिले. रोज उठून टाकी रिकामी करायला नको, असा साधा विचार त्यामागे होता. आरव्हीत नव्याने आलेली बहुतेक माणसे हाच विचार करतात, आणि आमच्या मते ब्लॅक टँक तुंबण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

टाकी आतून कशी असते

आरव्हीचे टॉयलेट घरच्यासारखे नसते. भांड्याखाली पाणी धरून ठेवणारे वळण नाही. तीन इंच व्यासाचा सरळ पाइप थेट टाकीत उतरतो. या गाडीत ब्लॅक टँक ३५ गॅलनचा, म्हणजे साधारण १३२ लिटरचा होता. टाकी प्लास्टिकची, उंचीला कमी आणि पसरट, कारण ती गाडीच्या तळाशी बसवायची असते. बाहेर पडायचा रस्ता एका बाजूला, तळालगत, तोही तीन इंचीच. त्यावर सरकत्या पात्याचा व्हॉल्व्ह. टाकीतली हवा छतावर नेणारा वेगळा व्हेंट पाइप असतो.

अमेरिकेत घरातला फ्लश एका वेळी साधारण सहा लिटर पाणी सोडतो. आरव्हीत पेडल थोडे दाबले तर अर्धा ते एक लिटर. शिवाय पसरट टाकीचा तळ जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे पाणी आपोआप वेग घेत नाही. टाकीतला मैला बाहेर नेणारी एकच शक्ती असते: वर साठलेल्या पाण्याचा भार. टाकी दोन-तृतीयांश भरलेली असताना व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडला, तर ऐंशी-नव्वद लिटर पाणी एकदम सुटते आणि जाताना सगळे ओढून नेते. व्हॉल्व्ह उघडाच असेल तर प्रत्येक फ्लशचे लिटरभर पाणी कडेने वाहून जाते. मैला आणि कागद पाइपच्या बरोबर खाली बसून राहतात.

ढीग कसा झाला

पेजला जूनमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. टाकीत पाणी नाही आणि बाहेरून उष्णता, त्यामुळे पहिल्या दिवशीचा थर दुसऱ्या दिवशी वाळला, त्यावर नवा बसला. चार दिवसांत पाइपखाली वारुळासारखा टोकदार ढीग तयार झाला आणि त्याचे टोक पाइपच्या तोंडाला टेकले.

पण सुरुवात त्याआधीच झाली होती. वॉचमनला विजेची जोडणी मिळते, पाण्याची आणि सांडपाण्याची नाही. सहा जणांत दीडशे लिटर गोडे पाणी दोन दिवस पुरवायचे म्हणून सगळ्यांनी फ्लश आखडता घेतला. निघताना तिथल्या डंप स्टेशनवर (आरव्हीच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी) टाकी रिकामी केली ती अर्ध्याहून कमी भरलेली होती, आणि रिकामी केल्यावर तळाला नवे पाणी घातले नाही. म्हणजे पेजला पोहोचली ती कोरडी, थोडा गाळ चिकटलेली टाकी.

तिसरी गोष्ट वाइप्स. घरी जेट स्प्रे किंवा मग वापरायची सवय असलेल्या माणसांना नुसता कागद नकोसा वाटतो, म्हणून पाकिटावर ‘फ्लश करता येतील’ असे छापलेले ओले वाइप्स आणले होते. हे वाइप्स कागदासारखे विरघळत नाहीत. त्यांतले धागे पाण्यात बराच काळ राहिले तरी एकमेकांना धरून असतात. आपल्याकडच्या माणसांनी इथे एक लक्षात घ्यावे: मगाने पाणी वापरणे ही सवय ब्लॅक टँकसाठी उत्तम आहे. कागद कमी जातो आणि पाणी जास्त जाते. टाकी लवकर भरेल, तेवढेच. संकोचाने मग सोडून वाइप्सकडे वळणे हा मात्र महागात पडणारा बदल आहे.

नेमके कुठे अडले आहे?

तुंबलेली जागा ओळखल्याशिवाय काहीही ओतायला किंवा खुपसायला जाऊ नये. टाकी भरलेली आहे, व्हॉल्व्ह उघडूनही बाहेर काही येत नाही, तर अडथळा बाहेरच्या तोंडाशी आहे. टॉयलेट भरते आहे पण व्हॉल्व्ह उघडल्यावर जेमतेम काही लिटर येऊन थांबते, तर अडथळा पाइपखाली आहे. फ्लश करताना भांड्यातून बुडबुडे आणि वास येतो, पण पाणी जाते, तर टाकी काठोकाठ आहे किंवा व्हेंट बंद आहे.

इथे पॅनेलवरचे दिवे टाकी दोन-तृतीयांश भरल्याचे दाखवत होते, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर चार-पाच लिटर तपकिरी पाणी आले. दिव्यांवर विसंबू नये. टाकीच्या भिंतीतल्या प्रोबवर (पातळी मोजणाऱ्या खिळ्यांवर) ओला कागद चिकटला की ते खोटे बोलतात. पेडल दाबून धरून टॉर्चने पाहिल्यावर पाइपच्या तळाशी कागदाचा घट्ट थर स्पष्ट दिसला. पाण्याची चकाकी कुठेही नाही. निदान झाले: पाइपखाली वाळलेला ढीग, टाकीत पाणी जवळजवळ शून्य.

पहिली रात्र: फक्त भिजवणे

काळा व्हॉल्व्ह बंद केला. करडाही बंद केला, म्हणजे आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी ग्रे टँकमध्ये साठून नंतर पाइप धुवायला कामी येईल. टॉयलेटचा वापर थांबवला आणि सगळ्यांनी कॅम्पग्राउंडचे स्वच्छतागृह वापरले.

मग पाणी. गाडीच्या हीटरमध्ये सहा गॅलन, म्हणजे सुमारे २३ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापते. नळातून येणारे तेवढे गरम पाणी पुरे. गॅसवर उकळलेले पाणी ओतू नये. झाकणाचे रबर सील वाकडे होते, जोड सैल पडतात. पाइप बंद असल्यामुळे एकदम बादली ओतली तर ती बाथरूमभर होईल, म्हणून दोन लिटर ओतायचे, ते झिरपू द्यायचे, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा दोन लिटर. पहिल्या खेपेत भांडी घासायचा द्रव साबण चार-पाच चमचे घातला. साबणाने पाणी कागदाच्या थरात लवकर शिरते. झोपेपर्यंत दहा-बारा लिटर मुरले.

बॅक्टेरिया आणि एन्झाइमचे द्रव औषध सगळ्यात शेवटी, पाणी कोमट झाल्यावर घातले. गरम पाण्यात ते घातले तर बॅक्टेरिया मरतात आणि पैसे वाया जातात. साउथ रिम समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे. जूनमध्येही रात्री चांगलीच थंडी पडते. थंडीत हे बॅक्टेरिया सुस्तावतात. म्हणून इथे औषधावर फार भिस्त ठेवली नाही. पेजच्या उन्हात हेच औषध दोन दिवसांत बरेच काम करून गेले असते. रात्रभरात ढिगाचा वरचा थर मऊ झाला, एवढेच अपेक्षित होते आणि तेवढेच झाले.

दुसरा दिवस: पाण्याचा फवारा

सकाळी एक जण एसयूव्हीने फ्लॅगस्टाफ शहरात गेला. तिथपर्यंत सुमारे १३० किलोमीटर. आणलेले सामान: पाच फूट लांबीचा अर्ध्या इंची पेक्स (प्लास्टिकचा) पाइप, फिरते तोंड असलेली लवचिक फवारा-नळी, बाहेरून उलटे पाणी सोडायचा बॅकफ्लश जोड, सांडपाण्याच्या पाइपला लावायचा पारदर्शक कोपरा (वळणाचा जोड), पाण्याची वेगळी २५ फुटी नळी, नायट्राइलचे हातमोजे आणि गॉगल. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी या कामाला कधीही लावायची नाही, आणि फवारा-नळीला किंवा नळाला पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर नळातला दाब कमी झाला की टाकीतले पाणी पिण्याच्या नळात ओढले जाऊ शकते.

आधी पेक्स पाइप. तो लवचिक आणि बोथट असल्यामुळे टाकीला इजा करत नाही. पेडल दाबून धरायचे, छताचा पंखा सुरू ठेवायचा, आणि पाइप ढिगात हळूहळू फिरवत खाली न्यायचा. जोर लावायचा नाही. पाच-सात मिनिटांत मधून भोक पडले आणि भांड्यातले पाणी गुडगुडत खाली गेले. सगळा ढीग फोडायचा नसतो. पाण्याला आत जायला वाट झाली की या पाइपचे काम संपते.

त्यानंतर फवारा-नळी. तीन माणसे लागतात: एक टॉयलेटपाशी, एक नळापाशी, एक बाहेर व्हॉल्व्हपाशी. नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर लावून दाब ४५ पीएसआयच्या आसपास ठेवला. अशा नळीतून मिनिटाला १८-१९ लिटर पाणी येऊ शकते, म्हणजे १३२ लिटरची रिकामी टाकी सात मिनिटांत काठोकाठ भरेल. दिव्यांवर विश्वास नाही, म्हणून मोबाइलवर टायमर लावला आणि दर दोन मिनिटांनी पाणी थांबवून टॉर्चने पातळी पाहिली. नळ सुरू ठेवून कुणी जागेवरून हलायचे नाही, हा नियम आम्ही आग्रहाने सांगतो. भरलेल्या टाकीत पाणी जात राहिले तर ते भांड्यातून बाथरूममध्ये किंवा व्हेंटमधून छतावर येते, आणि टाकीचा जोडही फुटू शकतो.

ढीग बराच मोडल्यावर, टाकी तीन-चतुर्थांश भरल्यावर पाणी थांबवले आणि अर्धा तास मुरू दिले. मग व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडला. पारदर्शक कोपऱ्यातून आधी गढूळ पाणी, मग कागदाचे लगदे आणि वाळलेले तुकडे येताना दिसले. आणि मधेच प्रवाह बोटभर जाडीचा झाला.

वाइप्सचा बोळा

वाहून आलेले वाइप्स व्हॉल्व्हच्या पात्यापाशी एकमेकांत गुंतून बसले होते. व्हॉल्व्ह बंद करायला गेले तर दांडा पाऊण इंच बाहेरच राही. इथे दांडा दाबून बसवण्याचा मोह टाळावा. पाते वाकले किंवा त्याचे सील फाटले की व्हॉल्व्ह बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

बॅकफ्लश जोड गाडीचे तोंड आणि सांडपाण्याचा पाइप यांच्यामध्ये बसतो. त्याला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. तो बंद करून पाणी सोडले की धार उलटी टाकीत जाते आणि बोळ्याला मागून ढकलते. एका वेळी २०-२५ लिटर सोडायचे, पाणी बंद करायचे, मग जोडाचा व्हॉल्व्ह उघडायचा. पहिल्या तीन खेपांत काही वाइप्स सुटले. उरलेले निघेनात, म्हणून टाकीतले सगळे पाणी झिरपून जाऊ दिले, खाली पसरट टब ठेवला, पाइप काढला आणि लांब चिमट्याने बोळा ओढून काढला. कचऱ्याच्या दुहेरी पिशवीत बांधून तो कचऱ्यात टाकला. मग आणखी दोन वेळा टाकी भरून रिकामी केली. कोपऱ्यातून स्वच्छ पाणी आले आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसला. शेवटी ग्रे टँक सोडून पाइप धुतला. काळा आधी, करडा नंतर, हा क्रम कायमचा.

ग्रे टँक सोडला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. दुपारी शॉवरच्या तळाशी हळदीच्या रंगाचे पाणी वर आले होते आणि सगळे घाबरले होते. ते फक्त ग्रे टँक भरल्याचे लक्षण होते. गाडीत सर्वांत खालचे भोक शॉवरचे असते, म्हणून पाणी तिथे दिसते. पण रिकामा करताना धार बारीक होती. ग्रेचा व्हॉल्व्ह दीड इंची, आणि आत भाताची शिते, चहाचा चोथा आणि फोडणीचे तूप. दोन बादल्या गरम पाणी आणि साबण घालून, दोनदा भरून सोडल्यावर धार मोकळी झाली. उपाय सोपा आहे: सिंकला बारीक जाळी, चहाचा चोथा कचऱ्यात, आणि कढई धुण्याआधी कागदाने पुसून घेणे. ग्रे टँकचा व्हॉल्व्ह जोडणी असताना उघडा राहिला तर चालतो, पण निघण्याच्या आदल्या दिवशी बंद करून पाणी साठवावे.

जे मुद्दाम केले नाही

शेजारच्या गाड्यांवरून सल्ले भरपूर आले. ड्रेन साफ करायचा कॉस्टिक सोडा: तो वाळलेल्या ढिगातून खाली पोहोचतच नाही, पाइपमध्येच तापतो, सील खातो, आणि नंतर फवारा मारणाऱ्याच्या तोंडावर उडतो. ब्लीच: बॅक्टेरियाचे औषध घातलेल्या टाकीत ते घालणे म्हणजे औषध मारणे. बर्फाचे खडे टाकून गाडी चालवणे हा लोकप्रिय उपाय आहे, पण पाण्यात तरंगणारा बर्फ तळाच्या गाळाला घासत नाही, आणि कोरड्या ढिगावर तर तो नुसता वितळतो. तारेचा प्लंबिंग स्नेक (तुंबलेल्या पाइपमध्ये घालायची लांब तार) टाकीच्या पातळ प्लास्टिकला भोक पाडू शकतो. फॉर्मल्डिहाइडची जुनी रसायने वास दाबतात, पण मैला कुजवणारे जिवाणूच मारतात. ज्या कॅम्पग्राउंडचे सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जाते तिथे ती घालूच नयेत.

पुढच्या दिवसांसाठी पाण्याचा हिशेब

टाकी रिकामी केल्यावर लगेच १५ लिटर पाणी आणि औषधाची एक मात्रा. तळ झाकला गेला पाहिजे. शौचाआधी भांड्यात थोडे पाणी घ्यायचे, नंतर पेडल दाबून ते सहा-सात सेकंद उघडे ठेवायचे. मगाचे पाणी धरून एका वेळी तीन लिटर जावेत. लघवीसाठी अर्धा लिटर पुरतो. एका माणसाचे दिवसाला साधारण पाच लिटर, सहा जणांचे तीस. १३२ लिटरच्या टाकीचे दोन-तृतीयांश म्हणजे ८८ लिटर. तळाचे १५ वजा केले तर अडीच दिवसांत ती पातळी येते. म्हणून या कुटुंबाने दर अडीच दिवसांनी व्हॉल्व्ह उघडायचा, मधल्या काळात तो बंद. टाकी अर्ध्याच्या आत असताना गाडी हलवायचीच वेळ आली, तर आधी नळीने पाणी भरून दोन-तृतीयांश करून मगच रिकामी करायची.

वॉचमनसारख्या ठिकाणी एवढे पाणी आणायचे कुठून? शॉवरमध्ये घमेले किंवा टब ठेवावा आणि तेच पाणी मगाने टॉयलेटमध्ये ओतावे. ग्रे टँक भरत नाही, गोडे पाणी वाचते, आणि साबणाचे पाणी ब्लॅक टँकला मानवते. शिते आणि तूप असलेले भांड्यांचे पाणी मात्र त्यात घालू नये.

कागद कुठला चालेल हे पाकिटावर वाचून ठरवू नये. काचेच्या बरणीत पाणी घेऊन दोन तुकडे टाकावेत, काही मिनिटांनी दहा-पंधरा सेकंद हलवावे. तंतू सुटे झाले तर तो चालेल. तुकडा अखंड राहिला तर नको. साधा एकपदरी कागद बहुतेक वेळा या परीक्षेत उतरतो. वाइप्ससाठी झाकणाचा डबा टॉयलेटशेजारी ठेवला.

तिसऱ्या दिवशी निघताना टाकीत ५० लिटर पाणी आणि अर्धी वाटी द्रव साबण घालून विल्यम्स गावापर्यंतचे सुमारे ९५ किलोमीटर गाडी चालवली. ५० लिटर म्हणजे ५० किलो वजन, त्यामुळे गाडीवर ताण येत नाही, आणि वळणावळणांवर पाणी भिंतींवर आपटून उरलेला थर सुटतो. विल्यम्सच्या डंप स्टेशनवर पारदर्शक कोपऱ्यातून कागदाचे बारीक तुकडे आले. पॅनेलवर एक-तृतीयांशचा दिवा तरीही पेटलेलाच राहिला. प्रोबवरचा थर अशा दोन-तीन फेऱ्यांनी जातो किंवा कधीच जात नाही, आणि त्यासाठी टाकी उघडण्याची गरज नसते.

हे सगळे करूनही पेक्स पाइप ढिगात शिरत नसेल, टॉयलेट आणि टाकी यांच्यामध्ये पाइपला कोपरा असेल, किंवा गाडी मैला आत ठेवून महिनोन्महिने उन्हात उभी असेल, तर थांबून दाबाच्या पाण्याने टाकी धुणाऱ्या व्यावसायिकाला बोलवावे. त्यांच्याकडे कॅमेरा आणि पाइपमधून वळणारे नोझल असते. भाड्याची गाडी असेल तर काहीही खोलण्याआधी मालकाला फोन करून लेखी परवानगी घ्यावी, आणि गाडी ताब्यात घेतानाच टॉर्चने पाइपमधून तळ पाहून फोटो काढून ठेवावा. तळाला पाणी चमकले पाहिजे. कोरडा ढीग दिसला, तर किल्ली घेण्याआधी टाकी धुऊन मागावी.